गरम पाण्याला कारण लागतं

जपानच्या कायद्याने पाहिलं, तर पुण्यातल्या पुष्कळशा सोसायट्या गरम पाण्याच्या झऱ्यावर उभ्या आहेत. तिकडे १९४८ साली केलेला ओन्सेनचा कायदा आहे. जमिनीतून आलेलं पाणी उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असावं, नाहीतर यादीतल्या १९ द्रव्यांपैकी एखादं तरी त्यात ठरलेल्या प्रमाणात असावं. दोहोंपैकी एक अट पुरी झाली की ते पाणी ओन्सेन. ते आपण होऊन वर आलं की भोक पाडून काढलं, याची कायदा फारशी चौकशी करत नाही. आता पुण्याचं वर्षभराचं सरासरी तापमानच पंचविशीच्या आसपास, आणि जमिनीखालचं पाणी साधारणपणे त्या सरासरीइतकं किंवा एखाद-दोन अंश चढंच असतं. तेव्हा टँकर चुकल्या दिवशी बाणेर-बावधनच्या बोअरवेलमधून जे वर येतं, ते एखाद्या जपानी गृहस्थाने भोवती लाकडी कठडा बांधून, शेजारी मेपलचं एक झाड लावून, तिकीट लावून विकलं असतं. आपण त्यात गाडी धुतो. आणि त्याच धुतलेल्या गाडीतून विमानतळ गाठून शरद ऋतूतल्या जपानच्या सहलीला निघतो. डोंगरातले पानगळीचे रंग, कॅम्परगाडीतला मुक्काम आणि संध्याकाळी गरम पाण्याचं कुंड, असा तो बेत असतो.

या बेतातलं सगळं सामान आपल्याकडे आहे. डोंगर आहेत, शरद ऋतू आहे, आणि कुंडं तर कोकणभर आहेत. गाडीचं म्हणाल, तर भारतातल्या बऱ्याच कॅम्परगाड्या ज्या ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधतात, ती गाडी आकुर्डीच्या कंपनीची आहे. तरीही पुण्याहून निघून, वाटेत गाडीतच झोपत, कुंडात डुंबत आठवडा काढणारं मराठी कुटुंब शोधायला गेलं तर पायाला फोड येतील. याची नेहमीची उत्तरं म्हणजे रस्ते, स्वच्छता, सरकार. ती खोटी नाहीत, पण त्यांनी फार तर निम्मं कोडं सुटतं. खरी अडचण मनातली आहे. आपल्याकडे गरम पाण्याला कारण लागतं. नुसतं बरं वाटतं म्हणून गरम पाण्यात तासभर बसणारा माणूस आपल्या समजुतीने एकतर आजारी असतो, नाहीतर रिकामटेकडा.

पुरावा म्हणून दिवाळीच घ्या. गरम पाण्याचा एवढा मोठा उत्सव जगात थोड्याच लोकांनी केला असेल. तेल, उटणं, मोती साबण, पाटाभोवती रांगोळी, बाहेर आश्विनातला गारवा, बंबातलं किंवा गीझरचं कढत पाणी. ओन्सेनमध्ये याहून जास्त काय असतं? पण हे सुख आपण घेतो कसं, तर पहाटे काळोखात, पाळी लावून, धाकाखाली. सूर्योदयाच्या आत आंघोळ झाली नाही तर थेट नरकात, अशी ती तंबी. आत गेलेल्या माणसाला बाहेरून दर दोन मिनिटांनी हाक येते, ‘आटप लवकर, पाणी संपेल.’ वर्षातली सगळ्यात सुखाची आंघोळ नरकाची भीती घातल्याशिवाय आपल्याला करवत नाही. आणि फराळाला बसल्यावर बोलणं कशाचं, तर कोणाची आंघोळ किती वाजता उरकली याचं. साडेचारला उरकणारा जिंकतो. पाण्यात बरं वाटलं का, हे कोणी कोणाला विचारत नाही.

आता कोकणातली कुंडं पाहू. पालघर जिल्ह्यापासून पार राजापूरपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात, ती जवळजवळ एका ओळीत मांडल्यासारखी आहेत. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळ सावित्रीकाठचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरजवळचं उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी उगमाशी सत्तर अंशांच्या घरात असतं, म्हणजे त्यात उतरायचं तर आधी ते निववावं लागतं. जपानात ओन्सेन उकळतात ते खालच्या जागत्या ज्वालामुखींमुळे. असे शंभरावर तिथे आहेत. आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच काम आटोपून, सह्याद्री बांधून निवृत्त झाला. आपलं पाणी गरम होतं ते वेगळ्याच पद्धतीने. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खोलवर मुरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि एखादी मोठी भेग सापडली की निवण्याच्या आत वर येतं. घाई नाही, गर्जना नाही, स्फोट नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या सज्जन माणसाने चालवावी तशी ही व्यवस्था आहे, आणि पुणेकराला ती परकी वाटण्याचं काही कारण नाही.

पण या प्रत्येक कुंडाला आपण एक कारण चिकटवलं आहे. कुंड आहे म्हणजे शेजारी देऊळ आहे. उन्हेऱ्याला विठ्ठल-रखुमाई आहेत, गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची समाधी आहे, वज्रेश्वरीला देवी आहे. वज्रेश्वरीचं देऊळ तर पुण्याच्याच माणसाने उभं केलं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ साली किल्ला पडला आणि नवस फेडला गेला, अशी तिथली परंपरा सांगते. त्या काळच्या पुणेकराला गरम पाण्याच्या झऱ्यापाशी पोचायला पोर्तुगीजांशी लढाईचं निमित्त लागलं; आजच्याला अष्टविनायकाचं पुरतं. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, जेवणाला अजून तासभर आहे, उन्हेरे तीनेक किलोमीटरवर आहे, तर ‘जाता जाता पाय बुडवून येऊ.’ अख्खा माणूस मुद्दाम बुडवायला कोणी जात नाही. देवाचं कारण नसेल तर त्वचेचं असतं. गंधकाचा वास आला की खरूज, नायटा आणि संधिवात या तिघांची आठवण काढायची, अशी प्रथाच आहे. त्यामुळे धडधाकट माणूस कुंडात दिसला की काठावरचे त्याच्या अंगावर नेमकं काय उठलंय ते शोधू लागतात.

एक कारण मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ओन्सेनची सगळी मजा परक्या माणसांबरोबर एकाच पाण्यात बसण्यात आहे. एकाच पाण्याला कोणी हात लावायचा, यावरून आपल्याकडे काय काय झालं ते सांगायला सवच्या कुंडापासून फार लांब जावं लागत नाही. महाडचं चवदार तळं तिथून काही किलोमीटरवर आहे, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्याचं पाणी प्यायला जावं लागलं. ज्या समाजाने पिण्याच्या पाण्याभोवती एवढी सोवळी-ओवळी उभी केली, त्याने एकत्र डुंबण्याची संस्कृती घडवली नाही, याचं नवल कसलं? पुण्य आणि औषध ही दोन्ही कारणं एकेकट्याने, आपापल्या तांब्याने घेता येतात. गंमत एकट्याने घेता येत नाही.

आता गाडीकडे येऊ. घर चाकांवर घालून फिरणं ही परक्यांची चूष आहे, असं समजणाऱ्याने कधी वारी पाहिलेली नसावी. दिंडीबरोबर चालणारे ट्रक, त्यांत तंबू, सतरंज्या, गॅसच्या शेगड्या, पोत्यांनी धान्य, मागून पाण्याचा टँकर. आषाढात तर असतंच, पण शरदातल्या कार्तिकीलाही असतं. एवढा मोठा फिरता संसार शिस्तीत चालवणाऱ्या समाजाला कॅम्परगाडी कशी वापरायची हे कोणी शिकवायचं? याहून नेमकं उदाहरण धनगरांचं. पाऊस सरला की फलटणकडच्या कोरड्या मुलखातले मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादतात, कोंबड्या-लेकरांसकट घाट उतरतात आणि कोकणातल्या कापलेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे. शरद ऋतू, डोंगर, फिरतं घर, रोज नवा मुक्काम. जपानी सहलीच्या पत्रकातली शेवटची ओळ सोडली तर सगळं यात आहे. दसऱ्यानंतर बीडकडून गाडीवर संसार घालून निघणारे ऊसतोड कामगारही याच दिवसांत रस्त्यावर असतात. त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही, आणि त्यांनाही तसं वाटण्याचं कारण नाही. विठ्ठल, मेंढी, ऊस. कारण असलं की मराठी माणूस महिनोन्‌महिने चाकांवर राहतो. कारण नसलं की त्याला दुसऱ्या दिवशीच घरचा नळ चालू राहिल्याचा भास होतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या कशा असाव्यात, त्या उभ्या करायचे तळ कसे असावेत, हे सगळं त्यात आहे. धोरण वाईट नाही, पण पुणेकर प्रवासाला निघतो तो पोचण्यासाठी, या गोष्टीवर धोरणाने काय उपाय करावा? पुण्याहून कुठेही जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘किती वाजता निघालात आणि किती वाजता पोचलात?’ ताम्हिणीमार्गे माणगाव अमुक तासांत गाठलं, हा त्या प्रवासाचा सारांश. घाटात काय दिसलं, याला परिशिष्टात जागा मिळते. वास्तविक दसऱ्याच्या सुमाराला त्याच घाटात सोनकीची पिवळी फुलं ओसरत असतात, गवत हिरव्याचं सोनेरी होत असतं, ओढे अजून वाहते असतात आणि हवेत धूळ नसते. जपानात रंग झाडांच्या शेंड्यांना चढतो, आपल्याकडे तो पायाखालून येतो, एवढाच फरक. पण कॅम्परगाडीचं तत्त्वज्ञानच असं की पोचायचं कुठे नाही. जिथे संध्याकाळ होईल ते आपलं गाव. हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही जेवणाच्या टेबलावर म्हणून पाहा. ‘पण बुकिंग कुठलंय?’ हा प्रश्न आमटी वाढून व्हायच्या आत येईल.

‘पुण्यात गाडी लावायची कुठे?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सहा मीटरची मोटारगाडी सदाशिव पेठेतल्या बोळात वळवणं म्हणजे तिचा कायमचा पत्ता बदलणं. सोसायटीत आणली तर पुढच्या सर्वसाधारण सभेचे पहिले तीन तास तिच्यावर जातील, आणि रस्त्यावर ठेवली तर ती पी वन, पी टूमध्ये समविषम तारखांना कुठे हलवायची, हा नवा पेच. पण जपानात जागा जास्त आहे म्हणून हे चालतं, असं मुळीच नाही. तिथे मोटार नावावर करायची तर आधी ती उभी करायला जागा असल्याचा दाखला लागतो, आणि तो कायदा १९६२ पासूनचा आहे. हाच नियम पुण्यात लागू झाला तर लक्ष्मी रस्त्यावर हरिणं दिसतील. जागा नाही म्हणून तिथल्या लोकांनी गाडीच लहान केली. केई नावाच्या वर्गातली मोटार जास्तीत जास्त ३.४ मीटर लांब, दीड मीटरला दोन सेंटिमीटर कमी रुंद आणि ६६० सीसीची असते, आणि तेवढ्यात ते दोन माणसांचं अंथरूण, शेगडी आणि पडदे बसवतात. ती गाडी आपल्या पेठांतून रिक्षासारखी हिंडेल. रात्री थांबायला त्यांनी १९९३ पासून मिची-नो-एकी नावाची रस्त्याकाठची स्थानकं काढली. आज ती बाराशेच्या वर आहेत. चोवीस तास शौचालय, गाडीतळ, गावातल्या भाज्या आणि लोणची. गंमत म्हणजे तिथे सरकारी भूमिका अशी की थकलेल्या चालकाने डुलकी जरूर काढावी, मुक्काम मात्र ठोकू नये. डुलकी कुठे संपते आणि मुक्काम कुठे सुरू होतो, यावर पुण्यात दोन वकील आणि एक निवृत्त न्यायाधीश यांचं मंडळ सहज नेमता येईल. आपल्याकडे द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल आहे, पण तिथे थांबण्याला बटाटवडा हे सबळ कारण असतं.

दुसरा आक्षेप हवेचा. आपल्याकडे मुळातच उकडतं, ऑक्टोबरात तर विशेष. त्यात गरम पाण्यात कोण बसणार? हा युक्तिवाद जो माणूस करतो तो एप्रिलच्या भर दुपारी टपरीवर उभा राहून वाफाळता अमृततुल्य पीत असतो, आणि मे महिन्यात त्याच्या घरचा गीझर चालू असतो. उष्णतेशी आपलं वैर नाही. शिवाय कार्तिकातल्या पहाटे कोकणात गारवा असतो, आणि कुंडात जायची खरी वेळ तीच.

अस्वच्छतेच्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. कुंडात साबणाचा फेस आणि काठावर शाम्पूच्या पुड्या हे दृश्य नवं नाही. बायकांसाठी कुंड वेगळं असलं तरी कपडे बदलायला पुष्कळ ठिकाणी धड आडोसा नसतो, आणि ही गैरसोय पुरुष लेखकाने एका वाक्यात उडवण्यासारखी नव्हे. पण ही व्यवस्था का झाली नाही? जो पुण्यासाठी येतो त्याचं काम तीन बुड्यांत होतं. जो खरजेसाठी येतो तो औषध कडू असलं तरी घेतो. तासभर आरामात बसायला येणारा माणूसच टॉवेल अडकवायला खुंटी मागतो, कडी लागणारं दार मागतो, बसायला स्वच्छ पायरी मागतो. तोच आपल्याकडे तयार झालेला नाही, म्हणून खुंटीही नाही. जपानात आधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, मग धुतलेल्या अंगाने कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, पाणी उडवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आणि गोंदवलेल्यांना पुष्कळ ठिकाणी प्रवेशच नाही. सूचनांचा एवढा मोठा फलक लावायला मिळतो हे कळलं, तर पुण्यात ओन्सेन काढायला दहा जण आजच पुढे येतील. पाणी मिळो न मिळो.

‘पुणेकरांना वेळ कुठे असतो?’ हा शेवटचा आक्षेप सगळ्यात कच्चा. निवृत्त माणसांचं एवढं मोठं शहर वेळेची तक्रार करतं हेच नवल. वेळ भरपूर आहे. तो कारणाशिवाय खर्चायची तयारी नाही. सकाळी पर्वती चढणाऱ्यांना विचारा, शंभरावर पायऱ्या चढतात त्या शुगरसाठी. बागांमधून हास्यक्लब भरतात, तिथे हसणंसुद्धा फुप्फुसांसाठी असतं. पुण्यात जपानी भाषा शिकणारे ढिगाने आहेत, पण ती परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी. ओकायामातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर सिंहगड रस्त्याला आपण आख्खी जपानी बाग उभारली, तिला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं. विनाकारण वेळ घालवण्याचं एवढं मोठं शास्त्र ज्याने मराठीला दिलं, त्याच्या नावाच्या बागेतही लोक हातातल्या घड्याळात पावलं मोजत फिरतात.

इथे एखादा जाणकार म्हणेल की जपान्यांनाही कारण लागतंच की. खरं आहे. तिथे तोजी नावाची जुनी रीत आहे, शेतीची कामं उरकली की आठवडा-दोन आठवडे झऱ्याकाठी राहून दुखणी शेकत बसायची. आजही प्रत्येक ओन्सेनच्या भिंतीवर पाण्याच्या रासायनिक तपासणीचा तक्ता असतो, आणि कोणकोणत्या व्याधींवर ते चालतं याची यादी असते. नागानोच्या डोंगरातली माकडंसुद्धा गरम पाण्यात बसतात ती थंडीपासून बचाव म्हणून, असं त्यांचे अभ्यासक सांगतात. पण जपानी माणूस ते कारण चपलांबरोबर दाराशी काढून ठेवतो आणि आत जाऊन डोळे मिटून नुसता बसतो. आपण ते कुंडात घेऊन जातो, आणि बाहेर आल्या आल्या गुण आला की नाही ते तपासतो.

म्हणजे कारणं बंद करायला नकोतच; उलट घरच्यांना सांगायला एक चांगलं कारण आधीच ठरवून ठेवावं. माझी शिफारस गुडघ्यांची. गुडघे सर्वांना असतात, ते दुखतात यावर कोणी शंका घेत नाही, आणि एक्स-रे मागायची पद्धत अजून घरात आलेली नाही. तेव्हा कोजागिरी झाली की दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत, शनिवार-रविवार टाळून, गुडघ्यांचं नाव सांगून निघा. भाड्याची कॅम्परगाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर मागची सीट पाडून गादी टाकली तरी चालते. खोपोलीमार्गे पाली, मग महाडकडून सव, जमलं तर पुढे तुरळ-आरवली, तीही मुंबई-गोवा महामार्गाच्या काठालाच आहेत. देवळात अवश्य जा. साबण मात्र घरी ठेवा, आणि आल्यावर कोणी ‘किती वाजता पोचलात?’ असं विचारलं तर आठवत नाही म्हणून सांगा.